पणजीचे चौदा तोळे: शेतात डिटेक्टर फिरवू की दप्तर चाळू?

धोटा:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, साखर पेठेत एका सुताच्या पेढीवर हिशेब लिहितो. प्रश्न जरा लांबड लावून विचारतोय, कारण थोडक्यात विचारला की लोक हसतात. मेव्हण्यानं तर तोंडावर सांगितलं, "दाजी, मशीन कशाला, एखादा पायाळू बघा की." (पायाळू म्हणजे पायाकडनं जन्मलेला; त्याला पुरलेलं धन दिसतं म्हणतात.)

आमचं मूळ गाव सीनेच्या पलीकडं, मोहोळच्या अंगाला. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं साडेचार एकर काळी, एक दगडी विहीर, मोटेच्या काळातली धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट, अजून शाबूत आणि बांधाला एक लिंब. घरात चालत आलेली गोष्ट अशी की पणजीच्या अंगावर चौदा तोळे सोनं होतं: पुतळ्यांची माळ आणि पाटल्यांचा जोड. पणजोबांनी ते तांब्याच्या तपेलीत घालून शेतात पुरलं आणि जागा कुणाला सांगायच्या आधीच डोळे मिटले. चौदा हा आकडा घरातला प्रत्येक माणूस बिनचूक सांगतो, बाकी मात्र एकाचं एकाला जुळत नाही. थोरले काका म्हणतात धावेखाली, धाकटे म्हणतात लिंबाखाली. भावकीतले एक आजोबा म्हणतात तपेली त्यांच्या बांधात आहे, म्हणून तर आमच्या आजोबांनी तो बांध दर उन्हाळ्यात थोडा थोडा कोरला. त्या बांधापायी दोन घरं अकरा वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत.

सोनं नको असं म्हणणारा मी कोण? पण मला त्याहून जास्त टोचतं ते हे, की या तपेलीशिवाय पणजोबांबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नाही. फोटो नाही, गेल्याचं साल नाही. पणजीचं सासरचं नावसुद्धा दोन काका दोन सांगतात.

तर दिवाळीच्या बोनसमधून बारा हजारांचा मेटल डिटेक्टर मागवला. मालदांडी ज्वारी निघून रान मोकळं होईस्तोवर तो कपाटावर पडून होता. होळीच्या आधीच्या रविवारी पहिल्यांदा शेतात लावला आणि असा केकाटायला लागला की शेजारच्या रानातनं दोघं पळत आले. व्हिडिओतले गोरे लोक हिरव्या गवतात फिरतात, एकदा टुण्ण वाजतं, खुरप्यानं उकरलं की राणीचं नाणं. आमच्या काळ्या रानात पाऊल टाकलं की टुण्ण.

पाच रविवारांत जे निघालं ते असं. गोळ्यांची पाकिटं, देशीच्या बाटल्यांची बुचं, मोटारीच्या केबलचे तुकडे: अर्धी बादली. ॲल्युमिनियमचे दहा पैसे, ते कंगोऱ्याचे, तीन. एक भोकाचा पैसा. एक ईस्ट इंडिया कंपनीचा तांब्याचा पाव आणा, १८३५ साल स्वच्छ वाचता येतं. आणि एक काळपट नाणं, त्यावर चार मिनार दिसतात, बाजूला उर्दू.

पण मला झोप येऊ देत नाही ती गोष्ट वेगळीच. विहिरीपासून दोनशे पावलांवर, ईशान्य कोपऱ्यात, वीस बाय तीस फुटांच्या तुकड्यात ६३ खिळे निघाले. बाकी सगळ्या रानात मिळून नऊ. खिळा करंगळीच्या दोन पेरांएवढा, चपटा, डोकं एका बाजूला फुगीर, आणि बहुतेकांचं टोक वळून दुमडलेलं. त्यांच्यातच पातळ लोखंडी पट्ट्यांचे अकरा तुकडे, स्वल्पविरामासारखे वाकडे. मला वाटतं बिजागऱ्या. म्हणजे आमची जुनी वस्ती लिंबाखाली नव्हतीच, या कोपऱ्यात होती, आणि तपेली पुरायची तर माणूस घराजवळच पुरणार. बरोबर आहे का माझं?

दुसरं, कागदं कुठली बघायची? सातबाऱ्यावर फक्त आजोबांपासून पुढची नावं आहेत.

आणि तिसरं, कायद्याचं. चौथ्या रविवारी बांधावर सतरा माणसं उभी होती, मी मोजली. एकानं बाजूला घेऊन सांगितलं की शेजारच्या तालुक्यात एक महाराज आहेत, अमावस्येला येतील, खर्च निम्मा निम्मा. मी मशीन गाडीत टाकून सरळ सोलापूर गाठलं.

निवृत्त भाऊसाहेब:

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिले दोन चुकले तर नुकसान नाही.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही मौल्यवान वस्तू सापडली तर ती काय आहे, अंदाजे किती किमतीची आहे आणि कुठे व कोणत्या तारखेला सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपये हा आकडा १८७८ चा आहे, कोणी बदललेला नाही. दडवले तर शोधणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवल्यावर जाहीर नोटीस निघते आणि त्यानंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची सुनावणीची तारीख पडते. मालक कोणी नाही असे ठरले तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. तुमच्या बाबतीत महत्त्वाचे कलम वेगळे आहे: गेल्या शंभर वर्षांत अमुक माणसाने पुरले आणि मी त्याचा वारस, असा दावा आला तर तो दिवाणी न्यायालयातून सोडवून घ्यावा लागतो. म्हणजे तपेली निघाली तर तिच्यामागे दोन्ही काका आणि बांधवाले आजोबा वकिलासह उभे राहतील. सातबाऱ्यावर जितकी नावे आहेत तितक्यांच्या सह्या घेऊनच पुढचा खड्डा घ्या.

शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. बाहेरदेशी पाठवता येत नाही, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. तुमचा पाव आणा त्यात मोडतो.

गावाची जुनी पांढरी, म्हणजे पूर्वीच्या वस्तीची जागा, शेताजवळ असेल तर तिथे मशीन नेऊ नका. काळी तुमची, पांढरी सगळ्या गावाची, आणि तिच्या पोटात किती शतकांची राख आणि खापरे आहेत ते वरून कळत नाही. एका खड्ड्याने ती थरांची उतरंड मोडते, मग तज्ज्ञ आला तरी त्याला वाचता येत नाही. संरक्षित स्मारक असेल तर शंभर मीटरच्या आत खोदकाम बंदच आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकडे मशीन घेऊन फिरणारी हौशी पोरे मी पाहिली आहेत, म्हणून सांगितले. आणि ते महाराज. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पुन्हा आले तर त्यांना हे साल सांगा.

आता कागद. तुमचा आजचा गट नंबर एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट केले तेव्हा, पडलेला आहे. त्याआधीचा सर्व्हे नंबर माहीत नसेल तर मागचे काहीच सापडणार नाही. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा मागा, त्यात जुना नंबर मिळेल. तो नंबर घेऊन दोन गोष्टी मागा. एक, टिपण. इंग्रजी मोजणीच्या वेळी शेताचा जो कच्चा नकाशा काढला तो. दोन, त्या सर्व्हे नंबरवरचे सगळे जुने फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदी, फक्त वारसाचे नव्हे. लोक वारसाचा फेरफार काढून घरी जातात. माणसाचे आयुष्य गहाणाच्या फेरफारात असते. पणजोबांच्या मृत्यूचे साल कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, मिळेल. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून ही बुके बाहेर काढून स्कॅन झाली, त्यामुळे आता पूर्वीइतके हेलपाटे पडत नाहीत. बरीचशी मोडीत आहेत, मोडी वाचणारा सोबत न्या.

बार्शीलाईट:

धोटा भाऊ, घर-बिर काय नाही तिथं. ते खिळे बैलाच्या नालाचे हायत!

माझा आजा नालबंद होता, बार्शीच्या बाजारात बसायचा, म्हणून हे लगेच ओळखलं. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, त्यामुळं घोड्यासारखा यू आकाराचा एक नाल चालत नाही. एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. पत्री म्हणजे तुम्ही म्हणता तो स्वल्पविराम. बैलाला कासरा घालून आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, झिजलेली पत्री उपसायची, खूर तासायचा, नवी ठोकायची. खिळा खुरातनं बाहेर आला की टोक वळवून दाबायचं. म्हणून तुमच्या खिळ्यांची टोकं दुमडलेली. उपसलेला वाकडा खिळा कोण खिशात घालतंय? तिथंच पडतो. एका बाजारादिवशी आजा दहा-बारा जोड्या करायचा, संध्याकाळी बसायच्या जागेभोवती अनवाणी फिरायची सोय नसायची.

त्यामुळं ६३ खिळे एका जागी म्हणजे नालबंद बसायची जागा. आणि नालबंद कुणाच्या रानात मधेच बसत नाही. वाटंला बसतो. टिपणावर गाडीरस्ता हाय का बघा.

मशीनचं दोन शब्दात. काळी माती बेसाल्टची, पोटात लोहाचे कण ठासून भरलेले. फॅक्टरी सेटिंगवर लावलं की बोंबलणारच. जिथं काही नाही अशा जागी कॉइल (खालची तबकडी) वरखाली करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीन मातीचा आवाज सोडून देतं, सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा, कॉइल लहान लावा, आणि फोन खिशात नको, गाडीत. मोटार चालू असताना केबलजवळ फिरू नका. लोखंड गाळायचं बटण असतं ते मात्र बंद ठेवा. सोन्यामागं लागलेले लोक लोखंड गाळतात. तुम्ही गाळलं असतं तर हे ६३ खिळे दिसलेच नसते, आणि आजवर तुम्हाला खरं काय मिळालंय तर तेवढंच.

खोलीचं म्हणाल तर असल्या मशीनला नाण्याएवढी वस्तू वीतभर खाली कळते. तपेली मोठी, जरा जास्त खोल कळेल. पण उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात त्यात अख्खा हात जातो. वरचं नाणं भेगेत पडतं, पावसात भेग मिटते, नाणं खाली गेलं. शंभर उन्हाळे असं चाललंय. आपल्या मातीत "जास्त खोल म्हणजे जास्त जुनं" हे गणित चालत नाही.

आणि नोंद करा ओ. फोनचं जीपीएस पाच-पाच मीटर इकडंतिकडं करतं. विहिरीचा एक कोपरा आणि लिंबाचं खोड धरा, दोन्हीकडनं टेप लावून अंतर लिहा, वस्तूला नंबर द्या, कागदाच्या पुडीत ठेवा. नुसते खिळे बादलीत गोळा करून आणलेत तर भंगारवाला किलोला भाव सांगेल.

धोटा:

बार्शीलाईट भाऊ, दंडवत. बादलीतच आणले होते. पण कोपरा रविवारी दोरीनं आखून घेतला होता, तेवढं वाचलं.

ढब्बू:

नाण्यांबद्दल. १८३५ चा पाव आणा भरपूर पाडला गेला आणि पुढं कितीतरी वर्षं चलनात राहिला, त्यामुळे तो १८३५ मध्येच पडला असं धरू नका. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. युद्धात तांबं वाचवायला मध्ये भोक पाडलं. ज्यावर चार मिनार आहेत ते निजामाचं नाणं. चारमिनार त्यांच्या नाण्यांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून येतो. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा, आपल्याकडं इंग्रजी. हाली रुपया इंग्रजी रुपयापेक्षा हलका, साधारण सव्वाशेला शंभर नाही, एकशे सोळा-सतराला शंभर असा हिशेब. तुमच्या गावात ते नाणं वाण्यानं घेतलं नसतं. म्हणजे कुणीतरी तुळजापूर-नळदुर्गाकडचा माणूस तिथनं गेला आणि त्याच्या कनवटीतनं ते पडलं. सीनेच्या पलीकडं, मोहोळच्या अंगाला आणि नालबंदाची जागा? मला तर आषाढीच्या गाड्या दिसतात.

कृपा करून नाण्यांना चिंच लावू नका. साध्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रश, बास. हिरवी साय म्हणजे घाण नव्हे, तिच्याखाली अक्षरं टिकतात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पणजोबा साधारण कधीचे? आजोबा १९२०-२५ चे धरले तर पणजोबांचं कर्तेपण १९३० च्या आगेमागे येतं. तो काळ विचारात घ्या. जागतिक मंदीनं शेतमालाचे भाव निम्म्यावर आले होते. सारा मात्र रोखीत, सावकाराचं व्याज रोखीत. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे इथं सोन्याचा भाव चढायला लागला. एकवीस-बावीस रुपये तोळा होता तो दोनेक वर्षांत तिशीवर गेला. घराघरातनं सोनं निघालं आणि मुंबई बंदरातून बोटी भरभरून बाहेर गेलं. त्या सोन्याला इंग्रजीत नावच पडलं होतं, अडचणीतलं सोनं. माझ्याकडं नाणी दाखवायला येणाऱ्यांत दर तिसऱ्या घरात एक पुरलेला हंडा असतो. मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: त्या वेळी तुमची जमीन गहाण होती का?

माहेर मोहोळ:

सगळे मिळून पणजोबा, पणजोबा करताय. सोनं कुणाचं होतं? पणजीचं ना? मग तिच्या माहेरी कुणी विचारलं का?

धोटा दादा, राग मानू नका, पण सासरच्या माणसांना दागिन्याचं वजन तेवढं आठवतं. तो दागिना कधी अंगावर होता आणि कधी नव्हता ते माहेरचे सांगतात, कारण लेक लग्नाकार्याला आली की आधी गळ्याकडं नजर जाते. माझ्या आत्याच्या बोरमाळेचं असंच झालं. सासरी सांगायचे चोरीला गेली. आमच्या आजीनं मात्र महिना, वार, सगळं सांगितलं, कुठल्या पेढीवर मोडली तेही.

पणजीचं माहेर माहीत नसेल तर हेळवी, घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणारा, आला की पकडा. आमच्याकडं तीन-चार वर्षांतनं एकदा येतो, बैलावर चोपड्या, आता मोटरसायकलवर. तुमच्या घराण्याचा हेळवी कोण ते भावकीतल्या थोरल्यांना ठाऊक असतं. तो पिढ्या वाचतो त्यात कुणाची लेक कुठनं आणली तेही असतं. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, पण "सोनं कुठंय" असं नको. "पणजी दिसायला कशी होती" असं विचारा.

धोटा:

सात आठवडे झाले, म्हटलं सांगूनच टाकावं.

एकत्रीकरणाचा उतारा मिळाला, जुना सर्व्हे नंबर मिळाला. टिपण हातात आलं तेव्हा पहिल्यांदा कळलंच नाही काय आहे ते. पिवळा कागद, तिरक्या रेघा, रेघांवर साखळी आणि आणे. भाऊसाहेबांना व्यक्तिगत निरोप टाकला, त्यांनी समजावलं: एक साखळी ३३ फूट, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. मग काय, हिशेबाचाच माणूस मी. रात्री जेवण झाल्यावर साखळ्यांचे फूट करत बसलो. आमच्या शेताच्या ईशान्य कोपऱ्यातून दोन तुटक रेघा तिरप्या गेल्यात. शेजारी मोडीत दोन शब्द. वाचणाऱ्या बाईंनी भिंग लावून सांगितलं: गाडी रस्ता. टिपणावरनं अंतर काढून रविवारी टेप धरला, खिळ्यांचा तुकडा रस्त्याच्या कडेला, सात-आठ फुटांच्या फरकानं. आज तिथं रस्त्याचा मागमूस नाही, आम्ही तिथं तूर लावतो.

बार्शीलाईट भाऊ, पुढच्या हुरड्याला तुम्ही आमच्याकडं. नाही म्हणायचं नाही.

कोतवाल बुकात पणजोबा सापडले. १९३८. मरणाचं कारण: ताप. ओळीत एवढंच, नाव, जात, वय अदमासे ५०, ताप. मी तो फोटो मोबाईलवर इतका मोठा करून बघितला की शेवटी अक्षराऐवजी शाईच दिसायला लागली.

फेरफार दोन मिळाले. पहिला १९२९ चा, सगळी साडेचार एकर ४५० रुपयांना कब्जेगहाण, म्हणजे ताबासुद्धा सावकाराकडं. म्हणजे चार वर्षं आमची माणसं आपल्याच रानात दुसऱ्याच्या वतीनं राबत होती, हे घरात कुणीही, कधीही बोललं नव्हतं. दुसरा एप्रिल १९३३ चा. त्यातली ओळ बाईंनी दोनदा वाचली: गहाण फिटले सबब नाव कमी. खाली पणजोबांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. ढब्बू, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मला जरा रागच आला होता, म्हटलं आमच्या घरची गोष्ट यांना काय ठाऊक. माफ करा.

तरी मी म्हटलं, फेड झाली याचा अर्थ सोनं मोडलं असाच कशावरून? एखादं साल चांगलं पिकलं असेल. पण १९३३ ला कुठलं पीक आणि कुठला भाव! म्हणून माहेर मोहोळ ताईंचं ऐकलं. धाकट्या काकांच्या सासूबाई नव्वदीच्या आहेत, त्यांना पणजीचं माहेर ठाऊक होतं, बार्शी तालुक्यातलं. हेळव्याची वाट बघावी लागली नाही. तिथं पणजीच्या भावाची सून आहे, पंच्याऐंशीची, कानानं कमी ऐकते. शेजारी बसून, ताई म्हणाल्या तसंच विचारलं, आत्याबाई दिसायला कशा होत्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "मी कुठं बघितल्या तरण्या? पण सासूबाई सांगायच्या. थोरल्या दिराच्या लग्नाला आत्याबाई आल्या त्या गळ्यात नुसती काळी पोत. मांडवात सगळ्या बायका बघत होत्या. सासूबाईंनी आपली ठुशी काढून त्यांच्या गळ्यात घातली तर त्यांनी ती तिथंच परत केली, म्हणाल्या, माझी माळ रानात हाय."

मी दोनदा विचारलं. रानात पुरलीय असं म्हणाल्या का? "नाही रे बाबा. रानात हाय, एवढंच."

परतीच्या एसटीत कुर्डुवाडी येईपर्यंत मी काही बोललोच नाही, बायकोनं पोटात दुखतंय का विचारलं.

पणजीचं नाव पण तिथंच कळलं.  म्हणजे सासरी बदललेलं नाव नाही, माहेरचं नाव कळलं: चंद्रभागा.

माझा अंदाज असा की पणजी जे म्हणाली ते तिनं माळ मोडून रान सोडवलं या अर्थानं म्हटलं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी, किंवा त्यांच्या पोरांनी, त्यात तपेली घातली. की पणजोबांनीच भावकीत तसं पसरू दिलं, बायकोचं अंगावरचं मोडलं हे चावडीवर कळण्यापेक्षा पुरलंय म्हटलेलं बरं? ते आता कोण सांगणार. मोडल्याची पावती काही मिळालेली नाही, मिळेल असंही वाटत नाही.

ढब्बू:

चौदा तोळे, तिशीच्या भावानं चारशेवीस. घट धरून जरा कमी. ४५० च्या जवळपास बसतंय.

निवृत्त भाऊसाहेब:

दोन्ही फेरफारांच्या प्रमाणित नकला काढून भावकीतल्या आजोबांनाही एक संच द्या. बांधाचा वाद याच कागदाने मिटेल असे नाही, पण निदान तो कशासाठी चालला होता ते त्यांना कळेल.

धोटा:

दिला भाऊसाहेब. आजोबांनी चष्मा लावून सगळं ऐकलं, चहा पाजला, आणि बांध मोजून घ्यायचं का म्हणून विचारलं. म्हणजे आहे तिथंच आहे.

खिळे आणि पत्र्या नंबर घालून पुड्यांत ठेवल्यात, सोबत टिपणाची झेरॉक्स. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मागितल्यात, वर्गात दाखवायला. चारमिनारचं नाणं मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे.

थोरल्या काकांना मी सगळं बयाजवार सांगितलं. मंदी, सोन्याचा भाव, गहाण, मांडवातली काळी पोत. काका डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं डोळा लागला. शेवटी म्हणाले, "चौदा तोळ्याचे चारशेवीस. मग वरचे तीस कुठनं आणले? म्हणजे त्यांच्याकडं आणखी काहीतरी होतंच की. तू धावेखाली नीट बघितलंस का?"

मशीन सध्या काकांकडं आहे. काल फोन होता, बॅटरी कुठली लागते म्हणून.